डोळे मिचकावा

पाकिटं आज आली, महिना उलटून नऊ दिवसांनी.
टेम्पोवाल्यानं पायरीवरच टाकली,
चवळीचं एक फुटलं.
कोंडाबाई दाणे वेचतेय आणि त्याला शिव्या घालतेय,
हळू आवाजात,
कारण आत लेकरं ‘अ अननसाचा’ म्हणायलीत.
अननस ह्या गावात कुणी खाल्लेलं नाही.

सत्वशीला दारात बसलीय. पोरगी मांडीवर.
जिंतूरकडनं बाळंतपणाला आली, अजून हितंच आहे.
मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरते.
चेहरा चौकटीत आणा.
आणला.
डोळे मिचकावा.
मिचकावले.
चेहरा जुळत नाही.

रेंज लिंबाखाली बरी येते म्हणून
आम्ही तिघी लिंबाखाली जातो.
पदर मागं सरकव गं.
उजेडाकडं बघ.
हास बरं जराशी.
“काहून हासू, ताई?”

चेहरा जुळत नाही.

कसा जुळावा?
आधारावरचा फोटो आठवीतला.
दोन रिबनी, भरलेले गाल,
शाळेच्या पटांगणात कॅम्प लागला होता तवाचा.
लग्नाआधी तिच्या बापानं सेनगावला जाऊन
जन्माचं साल दोन वर्षं मागं सरकवलं.
साल सरकलं,
फोटो तसाच राहिला.
आता त्या फोटोपुढं ही बसलीय,
रक्त साडेसात,
डोळ्यांखाली चुलीतल्या राखेचा रंग.
लाल गोळ्यांनी मळमळतं म्हणून सासूनं देवळीत ठेवल्या होत्या,
पोरांनी आंब्याच्या कोयीसंगं खेळायला घेतल्या.

तिकडच्या अंगणवाडीतल्या बाईनं वय लिहिलंय एकोणीस.
मीही एकोणीस राहू दिलं.
‘अठराच्या आत लग्न नको’ हा फलक
माझ्याच भिंतीवर आहे, मीच रंगवून घेतला,
पेंटरला चारशे रुपये पदरचे दिले.
आणि तिच्या हळदीला मी गेले होते.
जांभळं पातळ नेसून.
जेवून आले.

सहाव्यांदा डोळे मिचकावले तवा
तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं.
रडली नाही ती. ऊन होतं.

मी आत जाते, पेटी उघडते.
वर रिकाम्या पोत्यांच्या घड्या, खाली जुनी रजिस्टरं,
वाळवीनं कडा खाल्लेली.
त्यात माझंच अक्षर, तरणं, वळणदार:
सत्वशीला. वय तीन महिने. तीन किलो आठशे.
पिवळ्या पट्ट्यात एक टिंब.
तवा काटा आढ्याला टांगायचो,
झोळीत घातली की ही पाय झाडायची,
काट्याची सुई ठरायचीच नाही.
मी म्हणायचे, जरा थांब गं बाई,
मोजू दे तुला.

पोरीला आण, मी म्हणते.
आता काटा चपटा आहे, आकडे लाल उमटतात.
वय तीन महिने.
तीन किलो नऊशे.

मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून बघते,
शाळेत वजाबाकी करायचो तसे.
शंभर ग्रॅम.
सतरा वर्षं, किती पोती, किती पाकिटं,
किती मीटिंगा, किती पोषण पंधरवडे,
शंभर ग्रॅम.
साखरेच्या पुडीएवढे.

कोंडाबाई दारातनं विचारते,
“जुळला का गं?”

मोबाइल मी पालथा ठेवते.
गहू, मूगडाळ, चवळी, तिखट, मीठ
तिच्या पिशवीत घालते.
फुटलेलं पाकीट माझ्या वाट्याला.
वर विचारतील, चेहऱ्याशिवाय कसं दिलं?
सांगू, म्हणते मी. बघू रात्री, काय सांगायचं ते.

“पोरीचं नाव काय लिहू?”
अजून ठेवलं नाही, सत्वशीला म्हणते.
सासरचे आल्यावर ठेवतील.
तिचंही सासरी बदललंय, तिथं ती ऋतुजा.
हाक मारली तर कधी कधी ओ द्यायचं राहून जातं.

मग मी लिहिते, बाळ सत्वशीला.
आणि पुढं जन्मतारीख,
आकड्यात,
मग अक्षरी,
बॉलपेन इतकं दाबून
की खालच्या चार कोऱ्या पानांवर
बोट फिरवलं तरी लागावी.