डाव्या बाजूचा खिसा

सांगलीत हळदीच्या पेठेमागं, बोळात,
मुलाणी मिस्त्रींचं मोटारी भरायचं दुकान.
आयटीआयचं सर्टिफिकेट मी फायलीत घालून नेलेलं,
त्यांनी फाइल उघडलीच नाही.
म्हणाले, "हात दाखव."
बघितले उलटसुलट, भाजी निवडावी तसे.
"यातला उजवा कामाचा. डावा खिशात.
काळ्या तारेला चिमटा लावून टाकायचा अर्थिंगला,
लाल तेवढी हातात धरायची,
बोटं ह्या कडेच्या अलीकडं.
दोन हात आत गेले की करंटाची वाट
छातीतनं जाते बघ."

मला खिसाच नव्हता.
पंजाबी ड्रेसला कोण शिवतंय खिसा?

मिस्त्री जरा वेळ माझ्या ओढणीकडं बघत राहिले,
मग मागच्या खोलीकडं तोंड करून,
"जैतून, मशीन रिकामं हाय का गं?
आणि ही ओढणी ठेवून घे आत, गुतंल कशात तरी."
जैतूनबींनी पिठाच्या पिशवीचं कापड लावलं,
मनगटापर्यंत हात जाईल एवढं खोल.
वर चक्कीचं अर्धं नाव तसंच राहिलं.

पहिला महिना नुसता नॉब फिरवण्यात गेला.
नागमोडी रेघ घरच्या लाइटीची, सरळ रेघ बॅटरीची.
अंदाज नसेल तर सगळ्यात वरच्या आकड्यावरनं खाली यायचं,
जिन्यावरनं उतरावं तसं.
ओहम मोजायचा तर मोटार सुटी करून, मेलेली असताना.
चालू लाइनीला ओहम लावला एका पोरानं,
त्याचं मीटर अजून खिळ्याला टांगलंय,
तोंड काळं करून.
लाल पिन अँपिअरच्या भोकात विसरून
व्होल्ट बघायला गेलेल्याची गोष्ट
मिस्त्री सांगायचे नाहीत.
नुसते स्वतःच्या भुवईवरनं बोट फिरवायचे,
तिथं केस नव्हते.

मग बेडग्यांच्या पॉलिशच्या कारखान्यातली ती दुपार.
ढोल बंद. सगळं पिवळं,
भिंती, हमालांच्या पापण्या, मीटरची काच.
मेन स्विचचा दांडा मी स्वतः खाली ओढला,
दांड्याला पाटी बांधली, "काम चालू आहे".
एक फेज, शून्य. दुसरी, शून्य. तिसरी, शून्य.
पाना उचलला.

"थांब."
मिस्त्री पोत्यावर बसून चहा पीत होते, उठलेसुद्धा नाहीत.
"त्या फॅनच्या बोर्डावर बघून ये आधी."
फॅन फिरत होता. माझ्या केसांवर वारा येत होता.
बोर्डात पिना घातल्या,
शून्य.

तार आतल्या आत तुटलेली होती,
लाल रबराच्या मानेपाशी, बाहेरनं धडधाकट.
"शून्य दोन जातीचं असतंय," मिस्त्री म्हणाले,
"एक तारेचं, एक मीटरचं.
दिसायला सख्खी भावंडं.
म्हणून आधी जित्या ठिकाणी बघायचं, मग कामाच्या,
आणि परत जित्या ठिकाणी."

दुसऱ्या तारा लावल्या. फॅनच्या बोर्डात दोनशे एकतीस.
पहिली फेज शून्य. दुसरी शून्य.
तिसरी, दोनशे अडतीस.

दांडा खाली होता. पाटी हलत होती.
आत एक पातं जळून चिकटून बसलेलं, वरच.
मी काही बोलले नाही. खिशातला हात
मूठ करून बसला होता,
तो मला बराच वेळ उघडेना.

आता माझं दुकान मिरज रोडला.
शिकायला दोन पोरी येतात.
पहिल्या दिवशी त्यांना मीटर देत नाही मी,
शेजारच्या टेलरकडं पाठवते.
तो कुरकुरतो, लाइन बिघडते म्हणे ड्रेसची.
बिघडू दे.

जुना ड्रेस विरला, फडक्याला गेला.
खिसा उसवून ठेवलाय. शिवणीत हळद आहे,
कितीदा धुतला तरी.

मिस्त्री येतात कधी संध्याकाळी, कमी ऐकू येतं आताशा.
पोरींचं काम बघतात, कौतुकाचा शब्द नाही.
उठता उठता टेबलाशी वाकून
कुणीतरी चालू ठेवलेला मीटर बंद करतात.
"नॉब ऑफवर आणत जावा गं.
सेल काय झाडाला लागत नाही."