मापावरची मूठ

कितुईच्या बाजारात स्योकाऊ
गोरोगोरोनं मका मापते.
तुपाचा जुना डबा, तळ आत ठोकलेला.
हे मला माहीत आहे,
आणि मला माहीत आहे हे तिलाही.
वर एक मूठ जास्तीची टाकते,
म्हणून आमचं भांडण होत नाही.

"तपासणीला हवाय," मी म्हणते.
"मग चांगला देते,"
आणि काळपट दाणे वेचायला बसते.
नको वेचूस, आहे तसा दे.
ती दुखावते.
वाईट माल कुणी मागून नेतं?
वेचलेले दाणे मी वेगळ्या पुडीत बांधते.

नारळाच्या दुधातलं आगर,
प्रत्येक थाळीत पाच दाणे,
पाच दिवस अंधार.
मग पोपटी लव.
कुणालाही बोट फिरवावंसं वाटेल अशी मऊ.

सगळीच विषारी नसते, तिथंच अडतं.
एकाच रंगाची भावंडं,
एक नुसतं खातं,
दुसरं खाताखाता विष गाळतं.

थाळी पालथी घालते,
झाकणात अमोनियाचे दोन थेंब.
नाक चुरचुरतं.
काही ठिपके फिकेच राहतात,
काहींच्या पोटाखालून लाली चढते,
चोरी पकडल्यावर कानाच्या पाळीला चढते तशी.

वेचलेल्या पुडीतले जवळजवळ सगळे फिके.
लाल झाले ते टपोरे,
ज्यांच्यावरून तिनं कौतुकानं तळहात फिरवला होता.
नेहमी असं होत नाही.
बहुधा तिचे डोळे बरोबर असतात.

सोमवारी कागद घेऊन जाते.
"कोंबड्यांना?"
नको.
"दारूला तरी?"
तेही नको.
ती ढिगाकडे बघते, मग माझ्याकडे.
"आणि ती वरची मूठ?"

ती नमुन्यात धरायची नसते.
ती मी घरी नेली होती.
मुथोकोईत शिजवली, घेवड्याबरोबर.
"कुणी खाल्ली?"
मी. किलोन्झोनं. त्यानं दोनदा वाढून घेतली.
"वय?"
चार.
आता प्रश्न तिचे आहेत,
आणि मी बोटं मोजते आहे.

"कुटून साल काढली होतीस ना?"
हो.
"मग काहीतरी सालीबरोबर गेलं असेल,"
ती म्हणते, हळू,
आपण माझ्या घरी बसलोय अशा आवाजात.

माझ्या मागं एक बाई
पिशवीचं तोंड उघडून उभी आहे.
स्योकाऊ तिच्याकडे बघत नाही.
गोरोगोरो उचलते,
ढिगावर पालथा ठेवते,
आणि त्यावर हात.