शिकाऊ म्हणून येतोयस, तर

रेवणसिद्ध,
"मला प्राणी फार आवडतात"
असं मुलाखतीत सांगितलंस म्हणे.
बरं केलंस. आता ते गाठोडं विमानतळावरच ठेव.
इथे आवड कुणी विचारत नाही.
वजन विचारतात, ग्रॅममध्ये,
पहाटे साडेचारला,
रास अल खैमाचे डोंगर अजून कोळशासारखे काळे असताना.

पहिले दोन महिने ससाण्याला हात लावशील
ही आशा धरू नकोस.
पहिले दोन महिने विष्ठा.
पांढरं किती, हिरवं किती, काळ्याची गाठ कशी.
ट्रेवरचा कागद उजेडात धरून
मारिवेल विचारेल, हा काल जेवला का?
तू म्हणशील, हो.
ती नुसती पुढचा कागद उचलेल.
आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकासुद्धा
इतक्या निरखून कुणी बघत नाही.

मग लावे सोलणं. बर्फातून काढून, रोज शंभरएक.
तुमच्या घरात अंडं चालत नाही, ठाऊक आहे मला.
मीही मंगळवेढ्याच्या त्याच गल्लीतली.
आईला सांगू नकोस.
मी अजून सांगितलेलं नाही.

हातावर चढवायच्या जाड बाहीला इथे मंगला म्हणतात.
पहिल्या आठवड्यात अब्दुर्रझ्झाक ओरडला,
मंगला! मंगला कुठाय?
आणि मी दाराकडे बघत राहिले,
मावशी इथे कशी आली म्हणून.
डोळ्यांवरच्या चामडी टोपीला बुर्का.
तो घातला की पक्षी गप्प होतो,
त्याच्यापुरतं जग संपतं.
काही रात्री मला त्याचा हेवा वाटला आहे.

चोचीला नवखे घाबरतात. तू पंजाला घाबर.
रुतलाच, तर हात ओढू नकोस,
ओढशील तितका तो आवळेल.
त्याचा पाय हळूच सरळ कर,
बोटं आपोआप सुटतात.
(हे पुस्तकात आहे.
रक्त येत असताना आठवत नाही, एवढंच पुस्तकात नाही.)

आणि बाकड्यावर बसलेली माणसं.
बू राशिद, पांढऱ्या कंदुऱ्यातला, साठीचा,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखा.
सगळ्यांना चहा पाठवायचा, स्वतः प्यायचा नाही.
त्याच्या शाहीनचं नाव सहाब, म्हणजे ढग.
ढगाच्या छातीत बुरशी धरली होती.

नोव्हेंबर. रात्रपाळी माझी.
दोन वाजून दहा मिनिटं. हातातच.
मेल्यावरही वजन करतात, सांगून ठेवते.
आठशे बारा.
संध्याकाळीही आठशे बाराच होतं.
म्हणजे जे गेलं त्याला काहीच वजन नव्हतं,
की काटाच जाडाभरडा,
हे अजून मला कळलेलं नाही.
रडायला मनाई नाही. आधी फॉर्म भरायचा.

फोनवर बोलायचं अरबी वाक्य मी अकरा वेळा घोकलं.
बू राशिदनं ते अर्ध्यातच ऐकलं.
म्हणाला, पिसं ठेवा.

पिसं ठेवतात, रेवण.
एकेक उपटून, पुसून, कुठल्या पंखाचं कितवं ते लिहून.
जानेवारीत तुटक्या पिसाची एक मादी आली.
कळकाची काडी तासली, दोन्ही बाजूंना डिंक,
जुन्या देठात नवं पीस.
म्हणजे जुनंच. सातवं, डावं, ढगाचं.
बरोबर बसलं.
तिसऱ्या दिवशी ती वाळूवरून उडाली.
काय वाटलं ते विचारू नकोस,
वजन नऊशे चाळीस होतं.

येताना सुती मोजे आण, भरपूर. नखं कापून ये.
अत्तर लावू नकोस, पक्ष्यांना नाही, मारिवेलला चालत नाही.
मराठी बोलायला कुणी मिळणार नाही.

पण डावीकडून तिसरा खण उघड.
त्या रात्री डोळ्यांवर झोप होती,
पाकिटांवरचे आकडे मी आपल्याच लिपीत टाकले:
५, ६, रिकामं ७, ८.
कुणी बदलले नाहीत.
मारिवेल आता ते बघून बघून वाचते.
फक्त सहा आणि नऊ यांच्यात
अजून गोंधळते,
तेवढं तू आलास की तिला शिकव.