एफ रांग, अकरा नंबर

सेलूच्या टॉकीजात मी दारावर असतो.
तिकीट फाडतो, टॉर्च मारून खुर्ची दाखवतो.
तीन आठवडे झाले, रोज चार खेळ,
रोज चार वेळा दिल्ली वाचते.

इंटरवलनंतर बावन्नाव्या मिनिटाला
गृहमंत्र्याच्या खुर्चीखाली बॉम्ब सापडतो.
हिरो घाम पुसत नाही, त्याला घाम येतच नाही.
सात सेकंद उरलेले असतात.
दारात उभं राहून मी ते मोजलेत,
चांगले चाळीस भरतात.

व्हिलनला सुरमा, दाढी, गळ्यात ताईत.
दर वाक्याला जनाब म्हणतो.
सेलूत कुणी कुणाला जनाब म्हणत नाही.
गौसभाई म्हणतो, "क्या जनार्दन, आज बी येच पिक्चर?"
स्टेशन रोडला त्याचं वाइंडिंगचं दुकान,
जळालेल्या बोअरच्या मोटारीत तांब्याची नवी तार भरतो.
गिऱ्हाईक नसलं की तीनच्या खेळाला येतो,
एफ रांग, अकरा नंबर. तिथं पंख्याचं वारं लागतं.
व्हिलन मरतो तेव्हा
सगळ्यात लांब शिट्टी त्याची.

त्या मंगळवारी खेळ सुटल्यावर
झाडताना पारूबाईनं हाक मारली.
खुर्चीखाली काळी पिशवी,
चेन अर्धी उघडी,
आत वायर.

पोलीस आले, दोरी बांधली.
रसवंतीवाल्यानं चरक थांबवला, घुंगरं गप.
पथक परभणीहून निघालं
आणि मानवत रोडच्या फाटकात अडकलं,
मालगाडी जायची होती.
सिनेमात फाटक नसतं.

गर्दीत पिक्चर बघितलेले सांगायलेत,
लाल नाही तोडायची, निळी तोडायची.
एकानं मोबाइलवर शूटिंग घेतलं,
खाली व्हिलनचं नाव लिहून पाठवूनही दिलं.

पानटपरीच्या आडोशाला गौस.
हातात चहा, पीत नव्हता.
त्यानं माझ्याकडं बघितलं.
पिशवी मी ओळखली होती, तिच्या बंदाला
त्याच्या पोरीची हिरवी रिबन.
तो दोन पावलं पुढं आला.
फौजदार नुसता वळला,
आणि गौस बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.
पायात चपला होत्या.

मी म्हणू शकलो असतो,
साहेब, हे गौसभाईचं सामान आहे.
सात सेकंदसुद्धा लागले नसते.
पण मग विचारतील, तुला कसं माहीत?
मग विचारतील, तुझं त्याचं काय?
मी टॉर्च चालू केला, बंद केला,
चालू केला. लख्ख ऊन होतं.

एक तास चाळीस मिनिटांनी पथक आलं.
जाड कपड्यांतलं पोरगं, मिसरूड फुटलेलं,
आत जाताना पायरीला अडखळलं.
आम्ही सगळे श्वास धरून.
बाहेर आलं तेव्हा हातात
तांब्याचं वेटोळं, टेस्टर, काळी टेप,
फडक्यात अर्धी भाकर, ठेचा,
आणि उधारीची वही.

फौजदारानं पहिलं पान मोठ्यानं वाचलं:
जनार्दन टाकळकर, टेबलफॅन,
साडेतीनशे, बाकी.
लोक हसले. भीतीनंतर माणूस हसतो तसे.
"कोण हा जनार्दन?"
मी हात वर केला,
टॉर्च त्याच हातात होता.
"आणि वही कुणाची?"
आता मला सांगावंच लागलं.

संध्याकाळी त्याला ठाण्यात नेलं,
रात्री दीडला सोडलं.
काय विचारलं ते त्यानं सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
पेपरात चार ओळी आल्या, त्याही टॉकीजच्या नावानं.

पिक्चर बदलला. नवीनही तसलाच आहे,
यात दिल्लीऐवजी मुंबई वाचते.
गौस येतो कधीमधी.
आत जायच्या आधी पिशवी उघडून धरतो.
मी म्हणतो, राहू दे भाई.
तो तरी दाखवतो,
तार बाजूला सारून, भाकर उचलून,
पार तळापर्यंत.

टेबलफॅनचे पैसे अजून द्यायचेत.