हर्णैला, लिलावाच्या वेळी

खाली बंदरावर सुरमईचा लिलाव चढतो आहे,
साडेसात हजार, आठ, कुणीतरी साडेआठ ओरडतं,
आणि वर, बंद पडलेल्या बर्फ-कारखान्याच्या माडीवर
आम्ही नऊ जण गप्प बसलोय
एकवीस हजार तीनशे रुपये मध्ये ठेवून.

डबा बिस्किटांचा. झाकणावरचं चित्र कधीच गेलंय.
वर्षभर त्यात जे पडलं
ते रत्नमालाबाईंनी दोनदा मोजलं.

आमच्या क्वेकर सभेत पाद्री नाही, अध्यक्ष नाही.
हात वर करायचे नाहीत, मतं मोजायची नाहीत.
बसायचं. आतून कुणी ढकललंच तर उठायचं,
बोलून झालं की परत बसायचं,
आणि ते बोलणं खाली मुरेपर्यंत
दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही.
मी लेखनिक. माझं काम ऐकण्याचं,
वही नंतर.

अर्ज तीन.
किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांपाशी रात्र काढणारी पोरं:
त्यांना बॅटऱ्या हव्यात, लाल काचेच्या.
दापोलीकडची मूकबधिरांची शाळा: शिवणयंत्रं दोन.
आणि खाडीपलीकडून एक कागद, पेन्सिलीनं,
एकच ओळ: बाळंतिणीला न्यायला आमच्याकडे होडी नाही.
गावाचं नाव आहे. सही नाही.

शांतवनमामा उठले. आधी गुडघे बोलले, मग ते.
"सही नसलेल्या कागदाला पैसे कसे द्यायचे?"
बसले.
खाली कुणीतरी नऊवर गेलं.

पंधरा मिनिटं गेली असतील.
भिंतीवर पाल. सलोमीचं पोर पेंगुळलेलं.
मला, खरं सांगायचं तर,
गॅस बंद केला की नाही याची काळजी.
शांतता दर वेळी पवित्र असतेच असं नाही,
कधी ती नुसती नऊ माणसांची भूक असते.

मग भागीरथी पावशे उठली.
तीन वर्षं येतेय, आजवर बोलली नव्हती.
"सही करनारा कोन आसल तितं?
पेन्सिल पन मागून आणली आसल."

कुणी हललं नाही,
पण खोलीतलं वजन सरकलं,
डगमगत्या होडीत माणसं
न सांगता एका अंगाला होतात तसं.

"मला अजून पटत नाही," मामा म्हणाले,
"पण मी आडवा येत नाही. असंच लिहा."
असंच लिहिलं.

होडीला चौदा हजार. त्यात होडी होत नाही, फळ्या होतील.
बॅटऱ्यांना बेचाळीसशे.
शाळेवर मन एक झालं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा बसू.
उरलेले एकतीसशे डब्यात परत.
ठराव मोठ्यानं वाचला: वरीलप्रमाणे देणगी देण्यात यावी.

"देणगी खोडा," भागीरथी.
"जालं वडल्यावर खलाशाला देतात, त्याला काय म्हनतात?"
वाटा, मी म्हटलं.
"मग?"
खोडलं. पावसाळी कागद, शाई जरा पसरली.

पैसे घेऊन कोण जाणार, हे ठरायच्या आत
मामा चपला शोधत होते.
"उद्या पहिल्या तरीनं जातो. गाव बघून येतो.
सहीचंही विचारीन."

शेवटी शेजाऱ्याच्या हातात हात द्यायचा,
सभा संपली याची तेवढीच खूण.
भागीरथीच्या तळव्याला एक खवला चिकटलेला होता,
सकाळपासूनचा, सुकून कडक झालेला.
जिना उतरताना पाहिलं तर
तो माझ्या हाताला.