पंचेचाळीसचा जोड

म्हापशाच्या बाजारामागं माझं फ्रेमचं दुकान.
माझ्याकडे चित्रं पाठीकडून येतात:
आधी लांबी, रुंदी, कुठं वाळवी,
मग उलटून बघायचं, काय काढलंय.

झेलिया पासपोर्टचे फोटो रंगवते, भिंतीएवढे.
गाव सोडून गेलेल्यांचे. कुणी हसत नाही.
काच लावली की त्यांच्यात माझं तोंड दिसतं,
म्हणून तिला म्हटलं, काच नको.

गुरुदास गावस डिचोलीची खाणमाती डिंकात कालवतो.
त्याचा कॅनव्हास उचलला
की दोन दिवस भातालासुद्धा तांबडा हात.
पैसे मात्र उधार.

आणि वामनबाब.
सहा महिन्यांत एक निळी रेघ.
विचारलं, आडवी की उभी?
"तू ठरव."
माझी छाती झाली नाही. दोन्हीकडे हूक मारले.

काल पणजीत प्रदर्शन लागलं.
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
लोक चित्रं बघत होते, मी कोपरे.
गुरुदासच्या तांबड्या डोंगराला, खाली डावीकडे
पावसानं लाकूड फुगून जोड उघडलाय,
केसाएवढा.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
वामनबाब तेवढे
चष्मा कपाळावर सारून
त्या फटीपुढं
केव्हाचे उभे होते.