पसा

पहिल्या आठवड्यात नेसिबे शिकते
हाताचा पसा करायला.
बोटं जुळवून, अंगठा चिकटवून, आत नुसती हवा.
चापट नको, टापांसारखं वाजू दे, म्हणतात बाई.

उशीवर जमतं.
रुस्तेमकाकांच्या पाठीवर हात बिचकतो.
एकतीस वर्षं झोंगुलदाकच्या कोळशाखाली
वाकलेली पाठ.

'ठोक गं. आम्ही पहारीनं छत ठोकायचो,
पोकळ वाजलं की पळायचं.'

ती बोटावर बोट आपटत खाली येते.
पोकळ. पोकळ. मग उजवीकडे, तळाशी,
मुकं, भरीव.
'इथे उलटं आहे, काका.'

ते हसतात. हसण्याचा खोकला होतो,
वाटीत काळसर काही पडतं.
ती वहीत लिहिते: रंग, दाटपणा, दोन चमचे.

संध्याकाळी बसमध्ये
सुटे पैसे घ्यायला हात पुढे करते,
तर त्याचा पसाच झालेला.